शंकासुराची बाजू

मार्च महिना सरत आला की आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी झडू लागतात. जंगलात मोहाची फुले झडतात आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षणे. मोह झडतो तो ऋतुमानाने. प्रशिक्षणे झडतात ती ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून. ज्या पहाटे माणसाने टोपली घेऊन झाडाखाली असायला हवे, नेमक्या त्याच पहाटे त्याला जीपमध्ये बसवून शे-दीडशे किलोमीटरवरच्या सभागृहात आणले जाते. मग दुपारच्या सत्रात तो जांभया देऊ लागला की आपण म्हणतो, सहभागींमध्ये उत्साह कमी आहे.

अशाच एका मार्चमध्ये मला ‘साधनव्यक्ती’ म्हणून बोलावणे आले. मराठीच्या प्राध्यापकाला साधन आणि व्यक्ती ही दोन्ही पदे एका वेळी क्वचितच मिळतात, त्यामुळे मी लगेच होकार दिला. वर्ग होता सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतील प्रतिनिधींसाठी. माझ्याकडचा विषय होता ‘ग्रामसभेचा ठराव कसा लिहावा’. आदल्या रात्री संयोजकांनी आम्हा सर्व साधनव्यक्तींना एकेक फोल्डर दिले. त्यात कार्यक्रमपत्रिका, प्रवासभत्त्याचा नमुना आणि एक दोन पानी टिपण होते. टिपणाचे शीर्षक : ‘अडथळा आणणारे सहभागी : ओळख व हाताळणी’.

हे टिपण, किंवा याची चुलत भावंडे, वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून ती शासकीय प्रशिक्षणांत आली, तिथून स्वयंसेवी संस्थांत आणि तिथून आमच्या जंगलात. सहभागींच्या जाती त्यात सांगितलेल्या असतात : बोलघेवडा, भांडखोर, सर्वज्ञ, कुजबुज्या, मुखदुर्बळ आणि शंकासुर. प्रत्येकापुढे उतारा. बोलघेवड्याच्या डोळ्यांत पाहणे टाळा. कुजबुज्याच्या मागे जाऊन सहज उभे राहा. भांडखोराला आदल्या दिवशीच चहाला न्या. शंकासुराचा प्रश्न एका कोऱ्या तक्त्यावर लिहून ठेवा. या तक्त्याचे नाव ‘वाहनतळ’. ‘आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, तो आपण वाहनतळावर ठेवू आणि शेवटी वेळ उरल्यास घेऊ’ असे हसून म्हणायचे. तरीही तो थांबला नाही तर त्याला एखादे काम द्या. फळा पुसायला सांगा, वेळ सांभाळायला सांगा.

‘हाताळणी’ हा शब्द जरा थांबून पाहण्याजोगा आहे. मराठीत आपण कापड हाताळून पाहतो, काचेचे सामान जपून हाताळतो, आणि फार तर एखादे नाजूक प्रकरण हाताळतो. माणसाशी आपण बोलतो, भांडतो, त्याला समजावतो किंवा त्याचे ऐकतो. माणसाला हाताळायचे ठरले त्याच क्षणी त्याच्या बोलण्याचा प्रश्न मिटलेला असतो.

‘शंकासुर’ हा शब्द मात्र आपला, अस्सल. पुराणातला शंखासुर वेद चोरून समुद्रात दडतो आणि मत्स्यावतारात विष्णू त्याला मारतो. दक्षिण कोकणातल्या दशावतारात तोच संकासूर होऊन काळ्या वेषात, लाल जीभ लोंबवीत रंगमंचावर येतो, आणि मारला जाण्यापूर्वी प्रेक्षकांशी मनमुराद गप्पा मारतो. वेद पळवणारा हा राक्षस लोकांच्या आवडीचा आहे, याचे कारण खेळातल्या इतर पात्रांपेक्षा तो त्यांच्या भाषेत बोलतो. भाषेने पुढे ‘शंख’चा ‘शंका’ करून टाकला आणि जो सारखी शंका काढतो तो असुर ठरला. शंका काढणे हेच राक्षसी कृत्य, असा निवाडा आपण एका अक्षराच्या फेरफारात देऊन मोकळे झालो आहोत.

आता त्या दुपारची गोष्ट. मी फळ्यावर नमुना ठराव लिहिला होता. ‘विषय क्रमांक ३ वर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक अमुक, अनुमोदक अमुक.’ शुद्ध, आटोपशीर आणि गेली कित्येक दशके कोणत्याही कार्यालयाने परत न पाठवलेला मराठी गद्याचा हा नमुना. भामरागडकडच्या एका गावातून आलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे राहिले. घरी माडिया बोलणारे, मराठी बेताचे, पण बोलायचे ते थेट.

“मॅडम, ‘सविस्तर चर्चा’ म्हन्जे कोन काय बोलला?”

मी सांगितले की ठरावात ते लिहायचे नसते, तशी पद्धत आहे.

“आमच्या गावात तीन रात्री बोलनं झालं जी. तीन घरं नाही म्हनत होते. मंग ते मानले. काहून मानले, कोन्त्या बोलीवर मानले, ते कुठं लिवाचं?”

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. माझ्याकडे पाऊण तास होता आणि अजून इतिवृत्त, नोटीस व सह्यांचा रकाना एवढे व्हायचे होते. मला टिपण आठवले. चांगला प्रश्न आहे, म्हटले, आपण तो वाहनतळावर ठेवू. तक्त्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘३. न मानणाऱ्यांचे काय?’ चहानंतर ते पुन्हा उभे राहिले आणि मी पुन्हा तक्त्याकडे बोट दाखवले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मी टिपणातला शेवटचा उतारा वापरला. मनगटावरचे घड्याळ काढून त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, काका, आता वेळ तुम्ही सांभाळायची, पंधरा मिनिटे झाली की मला सांगा. त्यांनी ते घड्याळ तळहातावर धरले, पाखराचे पिल्लू धरावे तसे, आणि उरलेला सगळा वेळ ते त्याच्याकडे पाहत बसले. पुन्हा काही विचारले नाही.

संध्याकाळी साधनव्यक्तींच्या बैठकीत माझे कौतुक झाले. शंकासुर छान हाताळलात, मॅडम. मला, खोटे कशाला सांगू, बरे वाटले. वाहनतळाचा तक्ता गुंडाळून कोणीतरी माझ्याच गाडीच्या डिकीत टाकला. ज्यांच्या गावाकडे एस.टी. पोहोचत नाही, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की ज्यांचा तालुका उरलेल्या जगापासून तुटतो, त्यांच्या प्रश्नाला आम्ही वाहनतळ दिले होते.

घरी येऊन मी त्या वाक्याचा विचार करू लागले. ‘कोन्त्या बोलीवर मानले?’ एम.ए.च्या वर्गात बोलीविज्ञान शिकवणाऱ्या मला हा शब्द ऐकूच आला नव्हता. बोली म्हणजे अट, करार, आधी बोलून ठेवलेली गोष्ट. ‘अमुक बोलीवर गाय दिली’ असे आपल्या आज्या म्हणत. त्या गावातली तीन घरे बांबू तोडायला तयार झाली असतील ती काही बोलीवर, म्हणजे देवाच्या राईकडची बाजू सोडून, किंवा कोवळ्या वाशांना हात लावायचा नाही असे ठरवून. मला तपशील माहीत नाही, कारण मी विचारलाच नाही. पण एवढे कळते की ठरावाचा जीव त्या बोलीत होता. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांनी मंजुरी ठेवली आणि बोली पुसून टाकली. शिवाय बोली म्हणजे त्यांची भाषाही. तीही त्याच दोन शब्दांनी पुसली गेली, हा श्लेष मी रचलेला नाही, तो मराठीतच आहे.

हा केवळ लेखनाच्या पद्धतीचा वाद असता तर मी त्यासाठी वाचकांचा वेळ घेतला नसता. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या नियमांनुसार ग्रामसभेला किमान निम्मी उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. डोकी मोजण्याची व्यवस्था कायद्याने केली, हे चांगलेच झाले. पुढे ऑगस्ट २००९मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढले की वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर संबंधित ग्रामसभांची संमती जोडावी लागेल. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या वर्षी बाराही ग्रामसभांनी नकार दिला. केंद्राच्या मंजुरीआधीची ही अट २०२२च्या नियमांनी सैल करून राज्याच्या गळ्यात घातली, त्यावरून पुष्कळ वाद झाला. सांगायचे ते इतकेच की ज्या प्रदेशात जमिनीवर साग आणि बांबू आहे व जमिनीखाली लोहखनिज, त्या प्रदेशात ग्रामसभेच्या ठरावातले एकेक वाक्य उद्या कोणाच्या तरी फाइलीत पुरावा म्हणून लागणार आहे. तिथे ‘सर्वानुमते’ हा शब्द कोणत्या बोलीवर आला हे लिहिलेले नसले, तर होकार तेवढा उरतो आणि अट हवेत विरते. माझ्या वर्गातला ‘अडथळा’ नेमका याच जागी बोट ठेवत होता. सभागृहातल्या चाळीस जणांत माझा धडा ज्याने खरोखर ऐकला होता तो हा एक माणूस. त्याला मी घड्याळ धरायला बसवले.

माझे म्हणणे असे आहे की ‘अडथळा आणणारा सहभागी’ ही वर्गवारीच बनावट आहे. अडथळा हा माणसाचा स्वभावगुण म्हणून मांडला की प्रशिक्षण आपोआप निर्दोष ठरते. विषय चुकीचा असेल, भाषा परकी असेल, वेळ मोहाची असेल, साधनव्यक्ती अडाणी असेल, तरी दोष त्या माणसाच्या ‘प्रवृत्ती’चा. टिपणात ज्याला ‘मुखदुर्बळ’ म्हटले आहे तो कदाचित मराठी न येणारा असेल. ‘कुजबुज्या’ शेजारच्या बाईला गोंडीत भाषांतर करून सांगत असेल. आमच्या भागात हे रोज घडते, आणि त्या कुजबुजीखेरीज अर्धा वर्ग कोरडाच परत गेला असता. टिपण सांगते, त्याच्या मागे जाऊन उभे राहा.

ही तंत्रे ज्या परंपरेचे नाव सांगतात, तिचा स्वतःचा जन्म कसा झाला हे पाहिले तर गंमत वाटते. कुर्ट लेविन हा जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९४६च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन या गावी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिक्षक, समाजकार्यकर्ते अशांसाठी एक प्रशिक्षण घेतले. वंशभेदाचे ताण कसे कमी करावेत हा विषय. दिवसा गटचर्चा चालत आणि रात्री प्रशिक्षक व निरीक्षक एकत्र बसून कोण कसा वागला याचा आढावा घेत, अगदी आमच्या संध्याकाळच्या बैठकीसारखा. एके रात्री काही सहभागींनी विचारले, आम्हीही बसू का? काही प्रशिक्षकांना ते रुचले नाही. लेविनने बसू दिले. निरीक्षकाने एका बाईंच्या दिवसभरातल्या वागण्याचा अर्थ लावून सांगितला तेव्हा त्या बाई म्हणाल्या, असे नव्हतेच मुळी. वाद झाला आणि पुढच्या रात्रींना जवळजवळ सगळेच सहभागी येऊन बसू लागले. त्या वादातून सर्वांना जे उमगले त्यावर पुढच्या वर्षी, १९४७मध्ये, मेन राज्यातल्या बेथेल येथे प्रयोगशाळा उभी राहिली आणि गटप्रशिक्षणाची आधुनिक पद्धत जगभर गेली. लेविन मात्र ती पाहायला उरला नव्हता, त्याच फेब्रुवारीत तो वारला होता. म्हणजे या साऱ्या शास्त्राचा उगम, ज्यांना जिथे बसायला बोलावलेले नव्हते तिथे येऊन बसलेल्या आणि ‘असे नव्हतेच’ म्हणणाऱ्या सहभागींत आहे. त्या बाईंच्या हाती त्या रात्री कोणी घड्याळ दिले असते तर?

पण इतक्या लांब कशाला जायचे? गडचिरोलीतच पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये इथे आले आणि त्यांनी ‘सर्च’चे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांना विचारले तेव्हा मिळालेली उत्तरे कोणत्याही टिपणात ‘विषयांतर’ या सदरात गेली असती. तुमच्या डॉक्टर-नर्सांचे कपडे पांढरे, आम्ही तर मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. आजाऱ्याला आत ठेवता आणि नातेवाइकांना बाहेर काढता. मोठाल्या इमारतींत जीव घाबरतो. हे सारे मान्य करून शोधग्रामचा दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. हरकतीची इथे वास्तू झाली. याच संस्थेने गावातल्या बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशभरातल्या ‘आशां’च्या प्रशिक्षणात त्याचा समावेश झाला. असे शिक्षण शंका दाबून होत नाही. बाळ निळे पडले असता काय करायचे हे जिला रात्री दोन वाजता एकटीने ठरवायचे आहे, तिने वर्गात एकही शंका काढली नसेल तर प्रशिक्षकाने घाबरायला हवे.

आणि मेंढा. धानोरा रस्त्यावरचे, गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवरचे मेंढा (लेखा) हे गोंडांचे शंभरेक घरांचे गाव. २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर ज्यांना सामूहिक हक्क मिळाला त्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. २०११मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्र्यांनी इथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ही बातमी सर्वांना माहीत आहे. त्याआधीची वीसेक वर्षे मात्र फारशी सांगितली जात नाहीत. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबतीला आता आपल्यात नसलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी त्या गावात दोन वेगळ्या बैठका रुजवल्या. एक अभ्यासगटाची. तिथे निर्णय घ्यायचाच नसतो. बाहेरचा माणूसही येऊन बसू शकतो, वाटेल ते विचारता येते, आणि हरलो-जिंकलोचा प्रश्न नसल्याने कोणाला आपली बाजू राखायची नसते. दुसरी ग्रामसभेची. तिथे निर्णय होतो तो गावाचा, आणि बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाही माणसाचे मन मानत नसेल तर निर्णय थांबतो आणि पुन्हा बोलणे होते.

आमच्या टिपणातल्या शंकासुराला मेंढ्यात काय जागा आहे ते पाहा. अभ्यासगटात तो हवाच असतो आणि ग्रामसभेत त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो बोलेल की नाही हे त्याच्या धीटपणावर किंवा साधनव्यक्तीच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही. ती जागा बैठकीच्या रचनेतच आहे. सर्वानुमते आणि सर्वसहमती हे दोन शब्द कोशात शेजारी बसतील, पण एक लिहिण्याची सवय आहे आणि दुसरी जगण्याची. मी नमुना ठराव शिकवायला निघाले होते त्या गावांना, ज्यांच्या शेजारच्या गावाने हे कधीच सोडवले होते.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते मला मान्य आहेत. पहिला, सर्वसहमतीतही दडपण असू शकते. सगळे मानले, आता तूच काय तो अडून बसलास, अशा नजरांखाली एखादी विधवा बाई ‘हो’ म्हणून जाते. खरे आहे. पण म्हणूनच तिची हरकत लिहून ठेवण्याची गरज वाढते. दुसरा आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांचा. तीस माणसे मजुरी बुडवून येतात आणि एकच माणूस सगळा वेळ खातो, त्याचे काय? दारूबंदी १९९३ पासून असली तरी पिऊन येणारा येतोच. तेंदूच्या लिलावाच्या प्रशिक्षणात ठेकेदाराचा माणूस येऊन बसतो आणि मुद्दाम गोंधळ घालतो. त्यांच्यापुढेही आरती ओवाळायची का?

नाही. पिऊन आलेल्याला गावचीच दोन माणसे खांद्यावर हात टाकून बाहेर झाडाखाली नेतात, त्यासाठी टिपण लागत नाही. ठेकेदाराच्या माणसाला साधनव्यक्ती ओळखत नाही, पण गाव ओळखते. मी पाहिले आहे, मागच्या रांगेतली एखादी म्हातारी एकच वाक्य बोलते, लोक हसतात, आणि तो खाली बसतो. प्रश्न तो बोलल्याने त्याचे काय जाते, हा आहे. ठेकेदाराच्या माणसाला बोलण्याचे पैसे मिळतात. भामरागडच्या काकांना बोलण्यासाठी सभागृहभर माणसांपुढे मोडक्या मराठीत उभे राहावे लागले. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने वर्ग घेऊ नये, आणि तो दिसल्यावर टिपणाची फारशी गरज उरत नाही.

शिवाय वेळ कोण खातो, याचा हिशेब एकदा मांडू या. त्या वर्गाचे उद्घाटन दहाला होते, झाले साडेअकराला, कारण प्रमुख पाहुणे बैठकीत होते. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगते. पाहुणे अर्धा तास बोलले, त्यातला काही वेळ फोनवर, आणि आभारप्रदर्शन व्हायच्या आत निघून गेले. काकांनी तिन्ही वेळा मिळून घेतली असतील तर सहा मिनिटे. आजवर छापल्या गेलेल्या कुठल्याही टिपणात ‘उद्घाटक’ हा अडथळ्याचा प्रकार मी वाचलेला नाही. गावाकडून ‘सरपंचपती’ येतात, निवडून आलेली बाई मागे बसते आणि हे पुढे बसून तिच्या वतीने उत्तरे देतात. तेही कुठल्या यादीत नाहीत. यादीत येतो तो ज्याच्यापाशी अधिकार नाही आणि आवाज मात्र आहे.

आणि आम्ही प्राध्यापक? आमच्या उजळणीवर्गांना आधी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजात बोलावत, मग एचआरडीसीत, आता मालवीय मिशनच्या केंद्रात. पाट्या बदलल्या, आम्ही नाही. सकाळी सही, मग वर्तमानपत्र, हल्ली मोबाइल, जेवणानंतर डुलकी, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र. पदोन्नतीच्या फाइलीला ते प्रमाणपत्र लागते. वक्त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न विचारला की चहाला उशीर होतो. आमच्याइतके निरुपद्रवी सहभागी त्रिभुवनात मिळणार नाहीत. आम्हाला कोणीच हाताळत नाही, आणि आम्ही काही शिकूनही येत नाही.

याच आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात जोतीराव फुल्यांचे पत्र शिकवतो. १८८५च्या पुण्याच्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी पाठवले आणि जोतीरावांनी ते नाकारून आपली कारणे लेखी कळवली. मराठी साहित्यव्यवहारातला हा पहिला मोठा ‘अडथळा’. आम्ही दुर्गाबाई भागवतांचे कराडचे १९७५चे साहित्य संमेलन शिकवतो, आणीबाणीच्या ऐन काळात यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत अध्यक्षपदावरून त्यांनी जे म्हणायचे ते म्हटले, हे सांगताना आमचा आवाजही भरून येतो. गेलेल्या शंकासुरांवर आमची फार भक्ती आहे. ‘फुल्यांच्या पत्राचे औचित्य स्पष्ट करा’ हा दहा गुणांचा प्रश्न मी स्वतः काढला आहे. दुपारी अडीच वाजता माझ्यासमोर उभा राहून कोणी हाच प्रश्न माडिया वळणाच्या मराठीत विचारला, तेव्हा मला तो प्रश्नपत्रिकेबाहेरचा वाटला.

त्या वर्गानंतर मी नमुना बदलला. ‘सर्वानुमते’च्या खाली दोन ओळी वाढवल्या : ‘सुरुवातीस न मानणाऱ्यांची संख्या व त्यांचे म्हणणे’ आणि ‘कोणत्या बोलीवर मानले’. पुढच्या एका वर्गात तो वाटला. मागच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने विचारले, आणि शेवटपर्यंत मानलेच नाहीत तर? मी तिला म्हटले, मग तसेच लिहायचे. ती म्हणाली, त्याला तर जागाच ठेवली नाही तुमी. मी तिथल्या तिथे पेनने तिसरी ओळ काढली. वर्ग पंचवीस मिनिटे लांबला. संयोजक दारात उभे राहून मनगटाकडे बोट दाखवत होते.

भामरागडच्या काकांना हा नवा नमुना पाठवावा म्हणून मी निरोप धाडला. उत्तर आले की कागद नको, गावात या, सगळे बसतील. कधी येऊ, असे विचारले तर म्हणाले, मोह सरल्यावर आणि नदी भरायच्या आत.

वाहनतळाचा तक्ता माझ्या कपाटामागे गुंडाळलेला आहे. त्यावर चार प्रश्न आहेत, तिसरा त्यांचा. यंदाच्या वर्गासाठी पुन्हा बोलावणे आले तेव्हा मी संयोजकांना विनंती केली की सुरुवात या तक्त्याने करू, पहिला तास मला द्या. त्यांनी कार्यक्रमपत्रिका पाठवली आहे. पहिला तास उद्घाटनाचा आहे.